अध्यक्षांची सही

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या मंडळाच्या सभागृहाची गच्ची गळायला लागली, तेव्हा पहिलं पाणी पडलं ते पेटीवर. वर खोळ होती, पण खोळीच्या खळग्यात थेंब साचत गेले आणि रात्रीतून आत उतरले. गुरुवारी भजनाला जमलेल्या बायकांनी पेटी उघडली तर एक पट्टी खालीच बसलेली. वर येईना. भाता मारला की तोच एक सूर, न थांबता. काकूंनी तशाच पेटीवर ‘रामकृष्णहरी’ पूर्ण केलं. तो सूर षड्जाशी जुळत नव्हता, म्हणून मग आम्हीच त्या सुराला षड्ज मानलं.

खरं तर गच्चीच्या डागडुजीचा ठराव कार्यकारिणीनं मार्चमध्येच केला होता. कारागीर ठरला होता, चेक लिहून तयार होता. आमच्याकडे चेकवर दोन सह्या लागतात, चिटणिसांची आणि अध्यक्षांची. चिटणिसांनी केली. अध्यक्ष म्हणाले, “मला न विचारता कारागीर ठरवलाच कसा? मला सगळ्या सभासदांनी निवडून दिलंय. तुम्हाला कोणी दिलं? अकरा जणांनी.” चिटणीस म्हणाले, “दादा, त्या अकरा जणांनाही त्याच सभासदांनी निवडून दिलंय.” एप्रिल गेला, मे गेला. चेक फायलीत पडून राहिला आणि जून सरता सरता पाऊस आला.

मी राज्यशास्त्र शिकवण्यात हयात घालवली. हे भांडण माझ्या चांगलंच ओळखीचं होतं. फक्त इतकी वर्षं मी ते पॅरिसमधलं म्हणून शिकवत आले.

यथावकाश मंडळाच्या घटनादुरुस्तीसाठी तिघांची समिती नेमली गेली: मी, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि काकू. काकू चौऱ्याऐंशीच्या आहेत आणि मंडळात त्यांच्याइतकं जुनं फक्त भिंतीवरचं घड्याळ आहे. मागच्या खोलीतल्या कपाटातून घटना काढली. फुलस्केप कागदावर टंकलेली, तिसरी-चौथी कार्बन प्रत असावी. ‘क’ आणि ‘फ’ सारखेच दिसत होते. टाचण्या गंजून कागदाला तपकिरी ठसे पडलेले. वाचत गेले तसं लक्षात आलं की आमच्या पूर्वजांनी नकळत मोठीच गंमत करून ठेवली आहे. अध्यक्ष सर्वसाधारण सभेनं थेट निवडायचा, तीन वर्षांसाठी. कार्यकारिणीही त्याच सभेनं निवडायची. आणि चिटणीस निवडायचा कार्यकारिणीनं, ‘तिचा विश्वास असेपर्यंत’. म्हणजे एका घरात दोन कर्ते, आणि दोघांकडेही जनादेश.

शिकवताना मी फळ्यावर मधोमध रेघ मारायचे. डावीकडे संसदीय पद्धत: इंग्लंड, भारत. उजवीकडे अध्यक्षीय: अमेरिका. डावीकडचं सरकार कायदेमंडळाच्या विश्वासावर जगतं, उजवीकडचा अध्यक्ष ठरलेली मुदत पुरी करतो. पोरं उतरवून घ्यायची, परीक्षेत तसंच लिहायची, मीही तसेच गुण द्यायचे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, आयर्लंड कुठल्या बाजूला?” मी म्हटलं, संसदीय. ती म्हणाली, “पण तिथे राष्ट्राध्यक्ष लोक थेट मतदानानं निवडतात ना?” मी घड्याळाकडे पाहिलं आणि तास संपवला. या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

त्या मुलीचा प्रश्न फ्रान्समध्ये एका माणसानं फार आधी गंभीरपणे घेतला होता. मॉरिस द्यूव्हर्जेनं ‘अर्ध-अध्यक्षीय’ हा वर्गच वेगळा काढला आणि १९८० साली इंग्रजी लेखातून तो जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोचवला. त्याच्या तीन खुणा होत्या. राष्ट्राध्यक्ष सार्वत्रिक मतदानानं निवडलेला हवा, त्याच्या हातात बऱ्यापैकी अधिकार हवेत, आणि त्याच्यासमोर संसदेच्या विश्वासावर टिकणारे पंतप्रधान आणि मंत्री हवेत. त्यानं सात नावं घेतली: फ्रान्स, फिनलंड, पोर्तुगाल, ऑस्ट्रिया, आयर्लंड, आइसलँड आणि १९१९ नंतरचं, हिटलरच्या आधीचं वायमर जर्मनी. पण कागदावर सारखे दिसणारे हे सात प्रत्यक्षात एकमेकांचे चुलत भाऊही वाटत नाहीत, हे त्याला दिसत होतं आणि त्याला तोच प्रश्न सोडवायचा होता. आयर्लंड-ऑस्ट्रिया-आइसलँडात राष्ट्राध्यक्ष समारंभापुरते, फ्रान्समध्ये सर्वेसर्वा, बाकीचे कुठेतरी मधे.

घोटाळा झाला तो ‘बऱ्यापैकी’ या शब्दापाशी. बऱ्यापैकी म्हणजे किती? भाजीत मीठ बऱ्यापैकी घाल म्हटलं तर प्रत्येक घरची आमटी वेगळी होणारच. पुढे रॉबर्ट एल्गी या अभ्यासकानं १९९९ मध्ये ती अट सरळ काढूनच टाकली. लोकांनी निवडलेला, ठरावीक मुदतीचा राष्ट्राध्यक्ष आहे? संसदेला जबाबदार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ आहे? झालं, अर्ध-अध्यक्षीय. अधिकार किती, हा वेगळा प्रश्न. त्याच्या या व्याख्येमुळे आयर्लंड आणि रशिया एकाच खणात येतात, आणि पहिल्यांदा वाचलं की हसू येतं. मला आता ते पटतं. खण कशासाठी आहे हे ठाऊक असलं की आत तवा आणि ताम्हण शेजारी असले तरी बिघडत नाही. दोन्ही तांब्या-लोखंडाचं सामान, एवढंच त्या खणाला सांगायचं असतं. उलट ‘बऱ्यापैकी’ ठेवलं की प्रत्येक अभ्यासक आपल्या आवडीचा देश आत आणि नावडीचा बाहेर ठेवतो.

हे सगळं मी समितीच्या दुसऱ्या बैठकीत उत्साहानं सांगितलं. बँकवाले गृहस्थ सौजन्यानं ऐकत होते. काकूंनी गजकचा तुकडा मोडला (मुरैन्याचा होता, कोणीतरी आणलेला) आणि म्हणाल्या, “अगं, निवडलं कोणी ते राहू दे. या दोघांत कोण कोणाला घरी पाठवू शकतं, तेवढं सांग.”

मॅथ्यू शुगार्ट आणि जॉन कॅरी या दोघा अभ्यासकांनी १९९२ च्या पुस्तकात जी रेघ मारली, ती नेमकी इथेच. अर्ध-अध्यक्षीय म्हणून जे काही आहे त्याचे त्यांनी दोन भाग केले. एकात मंत्रिमंडळाला फक्त संसद घरी पाठवू शकते. राष्ट्राध्यक्ष पंतप्रधान नेमेल, पण काढू शकणार नाही. दुसऱ्यात दोघेही काढू शकतात, राष्ट्राध्यक्षही आणि संसदही. दुसऱ्या प्रकारात पंतप्रधानाची अवस्था दोन सासवांच्या सुनेसारखी. वायमर जर्मनी याच प्रकारातलं. तिथल्या राज्यघटनेनं चॅन्सेलर, म्हणजे तिथला पंतप्रधान, नेमायचा आणि काढायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला दिला, आणि विश्वास काढून घ्यायचा अधिकार संसदेलाही दिला. सप्टेंबर १९३२ मध्ये चॅन्सेलर फॉन पापेनविरुद्ध संसदेत ५१२ विरुद्ध ४२ असं मतदान झालं, तरी तो राष्ट्राध्यक्षांच्या भरवशावर आणखी काही आठवडे खुर्चीत होता. पुढच्या जानेवारीच्या अखेरीस त्याच अधिकारात राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गनं कोणाला चॅन्सेलर केलं, ते सांगायला नको.

आमच्या घटनेत काकूंच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. कलम नऊ: चिटणिसांना कार्यकारिणी बहुमतानं दूर करू शकते. अध्यक्षांना मुदत संपेपर्यंत कोणी हलवू शकत नाही. म्हणजे आम्ही पहिल्या प्रकारातले. मी सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात बँकवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवून समासाकडे बोट दाखवलं. कलम नऊच्या शेजारी निळ्या शाईनं, तिरप्या अक्षरात एक ओळ होती: ‘अध्यक्षांस आवश्यक वाटल्यास कोणाही पदाधिकाऱ्यास कार्यमुक्त करता येईल.’ खाली आद्याक्षरं, तारीख नाही. शाई कुठल्या काळातली, ठराव कुठल्या सभेत झाला, काही नाही. इतिवृत्ताच्या सगळ्या वह्या आम्ही दोन दुपारी चाळल्या. कोजागिरीला मसाला दूध किती लिटर आणलं याची नोंद मिळाली, या ओळीची नाही. अध्यक्षांकडच्या प्रतीत मात्र ती ओळ टंकलेली होती! म्हणजे एकाच मंडळाच्या दोन घटना, आणि दोन्ही दोन वेगळ्या वर्गांत मोडणाऱ्या. बँकवाले म्हणाले, “मॅडम, हे आता तुमच्या त्या फ्रेंच साहेबालाच विचारा.”

पण कागद नीट असला तरी काय होतं, तेही फ्रान्सकडे बघून कळतं. तिथल्या १९५८ च्या राज्यघटनेत कलम ८ म्हणतं, राष्ट्राध्यक्ष पंतप्रधान नेमतो, आणि पंतप्रधानानं राजीनामा सादर केला की त्याचा कार्यकाळ संपवतो. काढून टाकण्याचा उल्लेखही नाही. काटेकोर वर्गीकरणात फ्रान्स म्हणून पहिल्या प्रकारात बसतो. प्रत्यक्षात? मे १९७२ मध्ये पंतप्रधान शाबाँ-देल्मास यांनी संसदेत भल्या मोठ्या बहुमतानं विश्वास मिळवला, आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष पाँपिदूंच्या इच्छेखातर त्यांना राजीनामा द्यावा लागला. मोठ्या घरात जावयाला ‘जा’ म्हणायची गरज नसते, पान वाढायला उशीर झाला की तो समजतो.

संसदेत विरोधकांचं बहुमत आलं की मात्र तोच कागद एकदम जिवंत होतो. मार्च १९८६ मध्ये समाजवादी मितराँ राष्ट्राध्यक्ष आणि उजव्या बहुमताचे शिराक पंतप्रधान झाले. फ्रेंचांनी या अवस्थेला जो शब्द वापरला त्याचा सरळ अर्थ एकत्र राहणं असा आहे. आपल्याकडे ‘नांदणं’ म्हणावं. तिथे मितराँनी काय केलं? खासगीकरणाच्या अध्यादेशांवर सही करायला नकार दिला. जुलैमध्ये, राष्ट्रीय दिनाच्या मुहूर्तावर, जाहीरपणे. शिराकांनी मग तोच मजकूर विधेयक करून संसदेत मंजूर करून घेतला. आमच्या चिटणिसांना हा मार्ग मोकळा नव्हता, कारण बँकेला विधेयक चालत नाही. असं नांदणं पुढे १९९३ ते ९५ आणि १९९७ ते २००२ असं आणखी दोनदा झालं. शेवटी २००० मध्ये सार्वमत घेऊन राष्ट्राध्यक्षाची मुदत सातावरून पाच वर्षांवर आणली, की दोन्ही निवडणुका जवळजवळ येऊन घरात एकच कर्ता राहावा. बरीच वर्षं राहिलाही. पण २०२४ च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळालं नाही. त्या डिसेंबरात पंतप्रधान बार्निये यांचं सरकार अविश्वास ठरावानं पडलं. याआधी असं फक्त १९६२ मध्ये, तेव्हा पंतप्रधान असलेल्या याच पाँपिदूंचं झालं होतं.

आमच्या गावातही असं नांदणं चाललंय, असं मला काही दिवस वाटत होतं. जुलै २०२२ मध्ये ग्वाल्हेरच्या महापौरपदाची निवडणूक थेट मतदानानं झाली. ५७ वर्षांनी काँग्रेसचा उमेदवार जिंकला, आणि ६६ वॉर्डांच्या परिषदेत बहुमत मात्र भाजपचं आलं. बाड्यावर, म्हणजे आमच्या मुख्य चौकात, ज्याच्या त्याच्या तोंडी तेच, आता पाणी कोण देणार आणि नालं कोण साफ करणार. मी लगेच ‘अगदी फ्रान्स!’ म्हणून मोकळी झाले. काकूंचा प्रश्न लावून पाहिला तेव्हा चूक कळली. महापौर आपली मेयर-इन-कौन्सिल, म्हणजे आपलं छोटं मंत्रिमंडळच, स्वतः नेमतो; परिषदेच्या विश्वासावर उभा असलेला दुसरा कर्ता तिथे नाहीच. सभापती सभा चालवतो, शहर चालवत नाही. म्हणजे हा नमुना वॉशिंग्टनचा, व्हाइट हाउस एका पक्षाकडे आणि तिथलं कायदेमंडळ दुसऱ्याकडे. आणि आपल्या मध्य प्रदेशातल्या नगरपालिकांत तर याच्याही पुढची वस्तू निघाली होती, ‘खाली कुर्सी, भरी कुर्सी’. थेट निवडून आलेल्या अध्यक्षाला परत बोलवायचं की नाही, यावर लोकच पुन्हा मत द्यायचे; मतपत्रिकेवर एक रिकामी खुर्ची, एक भरलेली. २००१ मध्ये अनूपपूरला रिकामी खुर्ची जिंकली होती. कोण कोणाला घरी पाठवतं, हे इतक्या सरळ चित्रात मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

माझे वडील मोतीमहालात, म्हणजे इथल्या सचिवालयात, कारकून होते. २८ मे १९४८ ला संस्थानं मिळून मध्यभारत राज्य झालं, ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे त्याचे राजप्रमुख, म्हणजे नामधारी प्रमुख, झाले, आणि राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर अशी फिरायला लागली. वडिलांच्या आठवणीत त्या काळातल्या मुख्य गोष्टी दोन: फायलींच्या पेट्या, आणि सही. ते सांगायचे, “अरे, माणूस तोच, जयविलास राजवाडा तोच, सहीचं वळणसुद्धा तेच. आधी सही झाली की हुकूम व्हायचा. नंतर हुकूम आधी व्हायचा आणि सही मागाहून यायची.” संस्थानात दिवाण महाराजांच्या मर्जीवर होता. मध्यभारतात मंत्रिमंडळ विधानसभेच्या मर्जीवर उभं राहिलं. वडील राज्यशास्त्र शिकलेले नव्हते. मी दोन पदव्या घेऊन जे फळ्यावर मांडू शकले नाही, ते त्यांनी हुकूम आणि सही यांचा क्रम बदलून सांगितलं.

दिल्लीतही प्रश्न सहीचाच होता. राज्यघटनेच्या कलम ५३ नं संघाची सगळी कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी ठेवली. कलम ७४ मध्ये सल्ल्याला मंत्रिमंडळ दिलं, पण तो सल्ला बंधनकारक आहे हे स्वच्छ शब्दांत लिहिलं गेलं १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीत. तोवर ते संकेतावर चाललं. राष्ट्रपती थेट लोकांकडून का निवडू नये, हा प्रश्न जुलै १९४७ मध्ये संविधान सभेत आला तेव्हा नेहरूंचं म्हणणं असं होतं की सगळ्या प्रौढांनी मत देऊन निवडायचं आणि खरा अधिकार काहीच द्यायचा नाही, हे जरा विसंगत होईल. मला इथे नेहमी थांबावंसं वाटतं. कारण ज्या गोष्टीला ते विसंगत म्हणत होते, नेमकी तीच आयर्लंडनं १९३७ च्या राज्यघटनेत करून ठेवली होती आणि आजतागायत ती सुखानं चालली आहे. तरीही मला वाटतं, आपल्यासाठी नेहरू बरोबर होते. कोट्यवधी मतं मिळवलेला माणूस रायसिना टेकडीवर नुसता फिती कापत बसला असता? आयरिश बसले. आपल्याकडे तर मंडळाचा अध्यक्षसुद्धा बसत नाही.

आणि थेट मतं न मिळवताही सही थांबतेच. १९८६ चं टपाल विधेयक, ज्यात सरकारला लोकांची पत्रं उघडायची मुभा मिळणार होती, राष्ट्रपती झैलसिंगांनी मंजूरही केलं नाही आणि परतही पाठवलं नाही. नुसतं ठेवून दिलं. राज्यघटनेत मुदतच लिहिलेली नाही. आइसलँडनं हे बरं केलंय. तिथे राष्ट्राध्यक्षानं विधेयकावर सही नाकारली तर विधेयक थेट सार्वमताला जातं. १९४४ पासून हे कलम साठ वर्षं कोणी वापरलं नाही. सगळ्यांना वाटलं, शोभेचं आहे. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रिमसन यांनी ते पहिल्यांदा वापरलं. पुढे बुडालेल्या बँकेच्या परदेशी ठेवीदारांचं देणं फेडण्याच्या कायद्यावरही त्यांनी सही केली नाही, तेव्हा मार्च २०१० मध्ये सार्वमत झालं आणि नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी तो कायदा नाकारला.

आमच्या दुरुस्तीत मी आइसलँड घातलं. म्हणजे नाव न घेता. ‘कार्यकारिणीच्या ठरावानुसार द्यावयाच्या चेकवर अध्यक्षांनी सात दिवसांत सही न केल्यास विषय पंधरा दिवसांच्या आत सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा.’ आणि निळ्या शाईची ओळ रद्द. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “अध्यक्षांना घरी पाठवायचं असेल तर?” मी म्हटलं, ते आपण ठेवलेलं नाही. त्या म्हणाल्या, “बरं. तीन वर्षं काही फार नसतात.” चौऱ्याऐंशीच्या बाईनं असं म्हटल्यावर मी पुढे बोलले नाही.

सभा रविवारी सकाळी झाली. पोहे-जिलबी होती म्हणून उपस्थिती चांगली होती. अध्यक्ष स्वतः दुरुस्तीवर बोलले, छान बोलले, आणि विरोधात मत दिलं. दुरुस्ती तरीही दोन तृतीयांशाहून जास्त मतांनी मंजूर झाली. टाळ्या झाल्या. पेटीवाल्यानं पेटी दुरुस्त करून आणली होती. ती पट्टी आता वर येते, फक्त इतरांपेक्षा किंचित उशिरा.

संस्थांच्या नोंदणीच्या कचेरीत दुरुस्त घटना दाखल करायची तर अर्जावर अध्यक्ष आणि चिटणीस दोघांच्या सह्या लागतात. चिटणिसांनी त्याच दिवशी केली. कागद दादांकडे नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी चहा दिला, तब्येत विचारली, कागद वाचून काचेखाली नीट सरकवला आणि म्हणाले, “ठेवून जा, वहिनी. बघतो.”

नवरात्र झालं, दिवाळी झाली. परवा गेले होते. कागद काचेखालीच आहे.